सात टक्क्यांची रांग

१० जुलै २००७ रोजी वॉशिंग्टनमधल्या नागरिकत्व व स्थलांतर सेवा खात्याच्या कचेरीत फुलांचे गुच्छ येऊ लागले. पाठवणारे बहुतेक भारतीय होते, संगणक अभियंते, डॉक्टर, संशोधक. घेणारे होते खात्याचे संचालक एमिलिओ गोन्झालेझ. आदल्या वर्षीच ‘लगे रहो मुन्नाभाई’ येऊन गेला होता. मुंबईच्या एका भाईनं पडद्यावर शिकवलेली गांधीगिरी या मंडळींनी थेट अमेरिकी सरकारवर करून पाहिली. गोन्झालेझ यांनी फुलं लष्करी रुग्णालयांतल्या जखमी सैनिकांकडे धाडली. आठवड्याभरात, १७ जुलैला, खात्यानं आपला निर्णय फिरवला.

कसला निर्णय? अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला ‘व्हिसा बुलेटिन’ नावाचं पत्रक काढतं. ग्रीन कार्डाच्या रांगेत कुणाचा नंबर कुठवर आला, हे त्यातल्या तक्त्यांवरून कळतं. त्या जूनच्या मध्यावर पत्रकानं सांगितलं की जुलैत नोकरीवर आधारित जवळजवळ सगळ्या वर्गांच्या तारखा खुल्या होतील. वर्षानुवर्षं तिष्ठत असलेल्या लोकांनी रजा रद्द केल्या, भारतात गेलेल्यांनी तिकिटं बदलली, वैद्यकीय तपासण्या करून घेतल्या, जन्मदाखले शोधले. २ जुलैला, म्हणजे अर्ज पोचवायच्या पहिल्याच कामाच्या दिवशी, सरकारनं कळवलं की आकडे संपले, अर्ज घेणार नाही. फुलं गेली ती त्यानंतर. माघारीनंतर १७ ऑगस्टपर्यंत अर्ज स्वीकारले गेले, आणि त्या उन्हाळ्यात ज्यांचा कागद आत गेला ते आजही ‘जुलै २००७ वाले’ म्हणून ओळखले जातात.

या फुलांच्या बारा दिवस आधी, २८ जूनला, सिनेटमध्ये एक मोठं विधेयक कोसळलं होतं. केनेडी आणि काइल या दोन टोकांच्या सिनेटरांनी जमवून आणलेलं, राष्ट्राध्यक्ष बुश यांचा पाठिंबा असलेलं, अमेरिकेचा सगळा स्थलांतर कायदा नव्यानं लिहू पाहणारं. चर्चा थांबवून मतदानाकडे जायला ६० मतं लागत होती. मिळाली ४६, विरोधात ५३. वाहिन्यांनी दिवसरात्र त्याचीच चर्चा केली. फुलांची बातमी मात्र कोपऱ्यात आली. पण एडिसन किंवा सनीव्हेलमधल्या मराठी घराला विचारलं असतं, तर त्या घराचं नशीब बदललं ते कोपऱ्यातल्या बातमीनं.

या दोन घटनांमधलं अंतर हाच प्रस्तुत संग्रहाचा विषय. ‘इमिग्रेशन रिफॉर्म’ या दोन शब्दांखाली गेल्या चाळीस वर्षांत अमेरिकेत जे जे मांडलं गेलं, ते शेजारी शेजारी ठेवून वाचायचं, आणि वाचताना एकच प्रश्न हातात धरायचा: या प्रस्तावात रांग कोण आखतो आणि पुढे कोण सरकतं?

मराठी वाचकाला हा विषय सहसा तुकड्यातुकड्यानं भेटतो. भाच्याचं नाव लॉटरीत निघालं नाही. शेजाऱ्यांची सून एम.टेक. असून टेक्सासात घरी बसून आहे. आत्याचा मुलगा बावीस वर्षं तिकडे राहून कॅनडाला गेला. हे सगळे एकाच कायद्याचे वेगवेगळे कोपरे आहेत, हे कुणी सांगत नाही. अमेरिकेतल्या एखाद्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात नवीन ओळख झाली की पहिला प्रश्न असतो ‘गाव कुठलं?’ आणि दुसरा, जरा आवाज उतरवून, ‘डेट कुठली?’ डेट म्हणजे प्रायॉरिटी डेट. कंपनीनं ग्रीन कार्डासाठी पहिला कागद दाखल केला तो दिवस. लग्नाची तारीख विसरणारा माणूसही ही तारीख विसरत नाही.

या रांगेचा पाया १९९० चा आहे. त्या वर्षीच्या २९ नोव्हेंबरला थोरल्या बुश यांनी सही केलेल्या कायद्यानं नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांची मर्यादा वर्षाला १ लाख ४० हजार ठरवली आणि कुठल्याही एका देशाला त्यातला साधारण सात टक्के वाटा बांधून दिला. याच कायद्यानं कुशल नोकरदारांच्या तात्पुरत्या एच-वन-बी व्हिसाला आजचं रूप दिलं, वर्षाला ६५ हजारांची मर्यादा घालून. तेव्हा भारतातून येणारा संगणकवाला हा मोठा आकडा नव्हता. सात टक्के कागदावर समतेसारखे दिसतात: एकाच देशानं सगळ्या जागा बळकावू नयेत. पण हिशेब मांडला की त्या समतेचा रंग उडतो. १ लाख ४० हजारांचे सात टक्के म्हणजे ९,८००. कोल्हापूर शहराहून कमी वस्तीच्या आइसलंडलाही ९,८००, आणि १४० कोटींच्या भारतालाही ९,८००. वर बायकोमुलंही याच आकड्यात मोजली जातात. म्हणजे चौकोनी कुटुंबं धरली तर वर्षाला अडीच हजारांहून कमी घरं. इतर देशांचे न वापरलेले आकडे झिरपून काही जास्त मिळतात, पण ते पाणी कधी येतं, कधी आटतं.

दुसरीकडे एच-वन-बी मात्र देशवार वाटलेलं नाही. सहस्रकाच्या वळणावर वाय-टू-के आणि डॉटकॉमच्या काळात ते १ लाख ९५ हजारांवर नेलं गेलं, २००४ पासून पुन्हा ६५ हजारांवर आलं, आणि अमेरिकी विद्यापीठांतून पदव्युत्तर झालेल्यांसाठी २० हजारांची भर पडली. अलीकडच्या वर्षांत मंजूर होणाऱ्या एच-वन-बी अर्जांपैकी सत्तर टक्क्यांच्या वर भारतीयांचे असतात. म्हणजे दरवाजा रुंद आणि पलीकडची बोळ सात टक्क्यांची. दोन्ही एकाच कायद्यानं एकाच दिवशी बांधली. तुंबणार नाही तर काय होईल? केटो इन्स्टिट्यूटनं २०२३ मध्ये केलेल्या अंदाजानुसार नोकरीच्या रांगेत १८ लाख माणसं होती, त्यांतली ११ लाख भारतीय, आणि नव्यानं उभ्या राहणाऱ्या भारतीयाला लागणारी वर्षं १३४. दीडशे वर्षांच्या आत नंबर लागेल, असं कुणी वाड्यातल्या भाडेकरूलाही सांगितलं नसेल.

भारतीय माणसाला अमेरिकेच्या दारात आकड्यांनी मोजण्याची गोष्ट १९९० च्या बरीच आधीची आहे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या, तेव्हा चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदा होऊन जेमतेम एक वर्ष झालं होतं. आनंदीबाईंना मात्र कुणी अडवलं नाही. पण बाहेरून आलेल्यांत नागरिकत्व ‘गोऱ्या’ किंवा आफ्रिकी वंशाच्या माणसालाच मिळे. टाटांसाठी कापूस खरेदी करणारे मुंबईचे पारशी भिकाजी बलसारा यांना १९१० मध्ये न्यायालयानं गोरे ठरवलं आणि ते अमेरिकी नागरिक झाले. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात उलट निकाल दिला: ‘हिंदू’ (तेव्हाच्या अमेरिकी भाषेत भारतीय) माणूस सामान्य समजुतीत गोरा नाही. मग सरकार आधी नागरिक झालेल्यांचीही नागरिकत्वं काढून घेऊ लागलं.

त्या लाटेला ज्यानं बांध घातला, त्याचं नाव मराठी वाचकाला बहुधा ठाऊक नसतं. सखाराम गणेश पंडित, कॅलिफोर्नियातले वकील, १९१४ चे अमेरिकी नागरिक, थिंड यांची बाजू मांडणाऱ्यांपैकी एक. सरकारनं पंडितांवरच दावा लावला. त्यांचं म्हणणं असं: तुमच्या न्यायालयानं एकदा विचारपूर्वक मला नागरिक केलं, त्या भरवशावर मी इथे वकिली उभी केली, संसार मांडला, आता कायद्याचा अर्थ बदलला म्हणून तो निकाल मागे घेता येणार नाही. १९२६ मध्ये अपील न्यायालयानं ते मान्य केलं, पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं हात घालायला नकार दिला. पंडितांची केस आज वाचताना एका गोष्टीनं थबकायला होतं. नियम मधेच बदलला तर त्यावर विसंबून आयुष्य रचलेल्या माणसाचं काय, हा त्यांचा प्रश्न २००७ च्या फुलांमध्ये होता, आणि २०२५ च्या सप्टेंबरातही होता. त्याकडे पुढे यायचंच आहे.

१९४६ मध्ये ट्रूमन यांच्या सहीनं भारतीयांना पुन्हा नागरिकत्वाचा हक्क मिळाला आणि सोबत वर्षाला शंभर जणांचा कोटा. शंभर! एसटीच्या दोन गाड्यांत मावतील इतके. खरं दार उघडलं ते १९६५ च्या कायद्यानं, वंशावर बेतलेले कोटे काढून टाकल्यावर. त्या दारातून आलेल्या डॉक्टर-अभियंत्यांनी १९६९ मध्ये शिकागोचं महाराष्ट्र मंडळ स्थापलं आणि १९८१ मध्ये सगळ्या मंडळांचं मिळून बृहन्महाराष्ट्र मंडळ झालं. या पिढीनं भाऊ-बहिणींना बोलावलं. भावंडांचा तो वर्ग अजून आहे, वर्षाला ६५ हजार जागांचा. आणि भारतीयांसाठी त्यातली रांग आता पंधरा ते वीस वर्षांची झाली आहे. थोरल्यानं अर्ज केला तेव्हा धाकटा पस्तिशीत होता, व्हिसा आला तेव्हा तो निवृत्तीचे हिशेब करत होता, अशी उदाहरणं प्रत्येक मंडळात सापडतात.

आता प्रस्तावांकडे.

आधुनिक वादाची सगळी भाषा १९८६ च्या कायद्यातून येते. रेगन यांनी सही केलेल्या या कायद्यात सौदा सरळ होता: कागदपत्रांविना राहणाऱ्यांना एकदाच कायदेशीर करून टाकू, आणि यापुढे त्यांना कामावर ठेवणाऱ्या मालकाला दंड करू. सौद्याचा पहिला भाग पार पडला. सुमारे २७ लाख लोक कायदेशीर झाले. दुसरा भाग कागदावर राहिला. तेव्हापासून एका बाजूला ‘माफी’ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो आणि दुसऱ्या बाजूला ‘सीमा आधी’ हे ऐकलं की टाळाटाळीचा वास येतो. त्यानंतरचा प्रत्येक मोठा प्रस्ताव म्हणजे या फसलेल्या सौद्याची नव्यानं बोलणी.

२००७ च्या विधेयकानं त्यात एक परदेशी मसाला घातला. कॅनडानं १९६७ पासून चालवलेली गुणपद्धत. शंभरपैकी ४७ गुण नोकरीला, २८ शिक्षणाला, १५ इंग्रजी आणि नागरिकशास्त्राला, १० नातेवाइकांना. मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाला हा तक्ता ओळखीचा वाटला असता; मेरिट लिस्टचीच ती बहीण. पण अमेरिकी कंपन्यांना तो पटला नाही. माणूस कुणी निवडायचा, आम्ही की सरकारी गुणपत्रिकेनं, हा त्यांचा सवाल. उजव्यांना त्यात माफी दिसली, कामगार संघटनांना स्वस्त हंगामी मजूर, आणि विधेयक सगळ्या बाजूंनी मार खात खात संपलं.

सर्वांत जवळ आलं ते २०१३ चं. शूमर, मॅकेन, डर्बिन, ग्रॅहॅम, मेनेंडेझ, रुबिओ, बेनेट, फ्लेक, असे दोन्ही पक्षांचे आठ सिनेटर एकत्र बसले. कागदपत्रांविना राहणाऱ्या सुमारे १ कोटी १० लाख लोकांना तेरा वर्षांचा लांब रस्ता, सीमेवर पहारेकऱ्यांची जवळपास दुप्पट संख्या, ७०० मैलांचं कुंपण, मालकांना कामगाराची ऑनलाइन पडताळणी सक्तीची. आणि मराठी घराच्या दृष्टीनं त्यातलं सोनं: नोकरीच्या वर्गातली देशवार मर्यादा रद्द, बायकोमुलं आकड्यातून वगळलेली, एच-वन-बी १ लाख १५ हजारांपासून पुढे १ लाख ८० हजारांपर्यंत. त्याच विधेयकात भावंडांचा वर्ग मात्र बंद होणार होता. आणि ज्या कंपन्यांचे अमेरिकेतले निम्म्याहून अधिक कर्मचारी एच-वन-बीवर, त्यांना टप्प्याटप्प्यानं नवे व्हिसा बंद. म्हणजे हिंजवडीतल्या कंपनीच्या धंद्याला धोका, तिच्याच न्यू जर्सीतल्या कर्मचाऱ्याला ग्रीन कार्डाची आशा, आणि त्याच्या सासऱ्यांनी भावासाठी केलेल्या अर्जाचं भवितव्य अधांतरी. एकाच जेवणाच्या टेबलावर तीन मतं. २७ जून २०१३ ला सिनेटनं ते ६८ विरुद्ध ३२ अशा घसघशीत बहुमतानं मंजूर केलं. प्रतिनिधिगृहाचे सभापती बेनर यांनी ते मतदानाला आणलंच नाही. पुढच्या जूनमध्ये रिपब्लिकन नेते एरिक कँटर स्वपक्षाच्याच प्राथमिक निवडणुकीत एका अपरिचित प्राध्यापकाकडून हरले, आणि उरलेसुरले धाडसही गेलं.

ऑगस्ट २०१७ मध्ये ट्रम्प यांनी उचलून धरलेला, कॉटन आणि पर्ड्यू या सिनेटरांचा ‘रेझ’ प्रस्ताव दुसऱ्याच जातीचा. त्याचा रोख कायदेशीर स्थलांतरावरच होता, दहा वर्षांत ते साधारण निम्म्यावर आणायचं. भावंडं, प्रौढ मुलं, ग्रीन कार्डाची लॉटरी सगळं बाद. नोकरीच्या १ लाख ४० हजार जागा तेवढ्याच, पण गुणांवर. पात्रतेला ३० गुण हवेत. २६ ते ३० वयाला सर्वाधिक १०. ऑलिंपिक पदकाला १५, नोबेलला २५; म्हणजे नुसत्या नोबेलवर आत येता येणार नव्हतं, हा त्यातला अनवधानाचा विनोद. आई-वडिलांना मात्र गुणच नाहीत. त्यांना ग्रीन कार्डही नाही, फक्त पाच वर्षांचा व्हिसा, काम करायचं नाही आणि आरोग्यविमा मुलानं भरायचा. गुणपद्धत ऐकून सुखावलेल्या अनेक देशी मंडळींनी हे कलम वाचलं नव्हतं. सुनेच्या बाळंतपणाला येऊन नातवंडांत रमलेल्या आजीचा विचार या तक्त्यात कुठेच बसत नाही.

फेब्रुवारी २०१८ चा आठवडा वर्गात शिकवावा असा आहे. लहानपणी आणलेल्या, कागदपत्रं नसलेल्या मुलांना ओबामांनी २०१२ मध्ये दिलेलं संरक्षण ट्रम्प यांनी काढून घ्यायचं ठरवलं होतं. (त्या योजनेच्या आद्याक्षरांचा उच्चार ‘डाका’ होतो, मराठी कानाला तो दरोड्यासारखा लागतो, पण त्याला इलाज नाही.) सिनेटनं एका दिवसात एकामागून एक प्रस्ताव मतदानाला घेतले. मॅकेन-कून्स यांचा साधा प्रस्ताव: ५२ बाजूनं, ४७ विरोधात. दोन्ही पक्षांच्या मध्यममार्गींचा: ५४ विरुद्ध ४५. राष्ट्राध्यक्षांच्या मनातला, ग्रास्ली यांनी मांडलेला: ३९ विरुद्ध ६०. पहिल्या दोघांना बहुमत होतं, पण साठ नव्हते. ज्याला बहुमतही नव्हतं, त्याच्यामागे राष्ट्राध्यक्ष होते.

मोठ्या गाठोड्यांची ही गत, तेव्हा भारतीयांनी छोटं पुडकं बांधायचं ठरवलं. फक्त सात टक्क्यांची अट काढा, बाकी काही मागत नाही. २०११ मध्ये अशा विधेयकाला प्रतिनिधिगृहात ३८९ मतं मिळाली, विरोधात १५. सिनेटमध्ये ग्रास्ली यांनी ते अडकवलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्ससमधल्या ओलेथाच्या एका बारमध्ये श्रीनिवास कुचिभोटला या अभियंत्याची वंशद्वेषातून हत्या झाली, आणि पत्नी सुनयना दुमाला यांच्या लक्षात आलं की पतीबरोबर आपला या देशात राहण्याचा हक्कही गेला. तिथले रिपब्लिकन प्रतिनिधी केविन योडर त्यांच्या मदतीला धावले आणि पुढे देशवार मर्यादेच्या विधेयकाचे मुख्य प्रवर्तक झाले. जुलै २०१९ मध्ये तेच विधेयक नव्या क्रमांकानं ३६५ विरुद्ध ६५ नं मंजूर झालं. २ डिसेंबर २०२० ला सिनेटनंही आपला मसुदा बिनविरोध मंजूर केला. दोन मसुद्यांत फरक होता, तो मिटवायला महिना होता, आणि महिना सरला. अधिवेशनाबरोबर विधेयकही बुडालं.

यात खलनायक शोधायची घाई करू नये. २०१९ मध्ये सिनेटर डर्बिन आडवे आले, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मराठी गटांतून त्यांचा यथेच्छ उद्धार झाला. पण त्यांचा मुद्दा बिनतोड होता: एकूण जागा न वाढवता नुसती अट काढली, तर पुढची कित्येक वर्षं जवळजवळ सगळी कार्डं भारतीयांना जातील, आणि फिलिपाइन्सची परिचारिका, इराणचा संशोधक, नायजेरियाचा डॉक्टर, ज्यांना तेव्हा एक-दोन वर्षांत कार्ड मिळत होतं, ते मागे ढकलले जातील. रांग लहान होत नाही, तिच्यातली माणसं बदलतात. डर्बिन यांनी पर्यायी विधेयक आणलं, बायकोमुलं आकड्याबाहेर काढून पाच वर्षांत साठा संपवणारं. त्याला रिपब्लिकन मतं नव्हती. ज्या प्रस्तावाला मतं होती त्यात न्याय अर्धा होता, ज्यात न्याय पुरा होता त्याला मतं नव्हती. भारतीय संघटनांनी हे दुसऱ्याच्या पायावर पडणारं वजन मोकळेपणानं कबूल केलं असतं तर त्यांना मित्र जास्त मिळाले असते, असं प्रस्तुत लेखकाला वाटतं.

एच-वन-बीच्या विरोधकांनाही नुसतं द्वेष्टे म्हणून बाजूला सारता येत नाही. फ्लोरिडातल्या ऑरलँडो इथल्या डिझ्नीत २०१५ च्या सुमारास अडीचशेच्या आसपास अमेरिकी संगणक कर्मचारी कमी केले गेले, आणि जाण्याआधी आपली जागा घेणाऱ्यांना त्यांनाच शिकवावं लागलं. शिकवून घेणारी मंडळी आउटसोर्सिंग कंपन्यांची होती, त्यांतली बरीच भारतीय. एच-वन-बीच्या लॉटरीचंही तेच. २०२३ च्या वसंतात ७ लाख ८० हजारांवर नोंदण्या आल्या, त्यांतल्या ४ लाखांवर नोंदण्या एकाच माणसासाठी एकाहून अधिक कंपन्यांनी केलेल्या. देशी कन्सल्टन्सीच्या या ‘जुगाडा’चा फटका सरळ एकच नोंदणी केलेल्या आपल्याच पोरांना बसला. पुढच्या वर्षी नियम बदलून माणसागणिक एकच संधी केली, आणि आकडा खाली आला.

मुलांचा प्रश्न मात्र असा आहे की त्यावर एरवी भांडणारेही फारसं भांडत नाहीत. चार वर्षांचं लेकरू आईबापांबरोबर एच-फोर या अवलंबितांच्या व्हिसावर आलं, तिथल्याच शाळेत वाढलं, मराठी शाळेत रविवारी बाराखडी गिरवली. एकविसाव्या वर्षी ते ‘अवलंबित’ राहत नाही. वडिलांची डेट आलेली नसेल तर त्याला विद्यार्थी व्हिसा शोधावा लागतो किंवा देश सोडावा लागतो. अशी दोन लाखांवर मुलं आहेत. ‘डाका’ त्यांच्या कामाचं नव्हतं, कारण त्याची अटच अशी की १५ जून २०१२ ला अर्जदाराकडे कायदेशीर दर्जा नसावा. नियम पाळला हाच दोष! २०२१ मध्ये प्रतिनिधी डेबोरा रॉस आणि सिनेटर पडिया यांनी या मुलांसाठी विधेयक मांडलं. बायडन यांच्या २०२१ च्या भल्यामोठ्या प्रस्तावात हे कलम होतं. लँकफर्ड, मर्फी आणि सिनेमा यांच्या फेब्रुवारी २०२४ च्या सीमा-करारातही होतं, एच-फोरवरच्या जोडीदाराला कामाचा हक्क आणि पाच वर्षं दरसाल ५० हजार जादा व्हिसा यांच्यासह. तो करार युक्रेनच्या मदतीला जोडलेला होता. ट्रम्प यांनी विरोध केला, आणि ७ फेब्रुवारीला ४९ विरुद्ध ५० मतांनी तो आडवा झाला. ज्या कलमाला कुणाचाच विरोध नाही ते नेहमी अशा गाडीत बसवलं जातं जी स्टेशनात पोचत नाही.

काँग्रेस, म्हणजे अमेरिकी संसद, अडली की कारभार राष्ट्राध्यक्षांच्या सहीवर चालतो. एच-फोर जोडीदारांना काम करू देणारा २०१५ चा नियम तसाच आला. २० जानेवारी २०२५ चा आदेशही तसाच: आई तात्पुरत्या व्हिसावर आणि वडील नागरिक वा ग्रीन कार्डधारक नसतील, तर अमेरिकेत जन्मलेल्या बाळाला नागरिकत्व नाही. न्यायालयांनी तो लागू होण्याआधीच रोखला, पण त्या हिवाळ्यात दिवस गेलेल्या बायकांच्या घरी कसली चर्चा झाली असेल ते सांगायला नको. आणि मग १९ सप्टेंबर २०२५, शुक्रवार संध्याकाळ. एच-वन-बीच्या अर्जावर एक लाख डॉलर शुल्क, रविवारपासून लागू. सोमवारी घटस्थापना होती. कित्येक जण सणाला घरी आले होते. कंपन्यांचे ई-मेल आले, ताबडतोब परता. विमानात बसलेले प्रवासी उतरले, काहींनी मिळेल त्या भावानं तिकिटं काढली. शनिवारी खुलासा झाला की शुल्क फक्त नव्या अर्जांना, आधीच व्हिसा असलेल्यांना नाही. चोवीस तासांत दोन अर्थ. सखाराम पंडितांचा प्रश्न शंभर वर्षांनी विमानतळावर उभा होता.

या सगळ्यात आणखी एक मराठी माणूस आहे, ज्याचा उल्लेख मंडळांच्या स्मरणिकांत होत नाही. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ हद्दपार भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. बहुतेक पंजाब, हरियाणा, गुजरातचे. तीन महाराष्ट्रातले. ‘आपण रीतसर आलेले, ते वेगळे’ ही रेघ ग्रीन कार्डाच्या रांगेतला माणूस फार चटकन ओढतो. ‘डिग्निटी’ नावाचा, रिपब्लिकन सालाझार आणि डेमोक्रॅट एस्कोबार यांनी जुलै २०२५ मध्ये पुन्हा मांडलेला प्रस्ताव ही रेघ पुसतो म्हणून लक्षवेधी आहे. कागदपत्रं नसलेल्यांना सात वर्षांत ७ हजार डॉलर भरून राहण्याचा दर्जा, पण नागरिकत्व नाही. आणि त्याच पानांत देशवार मर्यादा सातावरून पंधरा टक्क्यांवर, एकविशीत अडकलेल्या मुलांना संरक्षण. डाव्यांना तो कंजूस वाटतो, उजव्यांना ढिला.

काँग्रेसमध्ये आता मराठी बोलणारा सदस्यही आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार १९७९ मध्ये रसायनशास्त्राच्या पीएचडीसाठी ओहायोतल्या अ‍ॅक्रन विद्यापीठात आले, पुढे नागरिक झाले, आणि जानेवारी २०२३ पासून डेट्रॉइटच्या मतदारसंघातून प्रतिनिधिगृहात बसतात. १९७९ च्या विद्यार्थ्याला नागरिक व्हायला दशकभर पुरलं. २०१३ चा विद्यार्थी अजून डेट बघतो आहे: २०२५ च्या उन्हाळ्यात भारताच्या ईबी-टू, म्हणजे उच्चशिक्षितांच्या, वर्गाची तारीख १ जानेवारी २०१३ वर येऊन थांबली होती, आणि महिनोन्‌महिने तिथेच होती.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडं. प्रकरणं विधेयकांच्या क्रमानं लावलेली नाहीत. ती रांगेतल्या माणसांच्या क्रमानं लावली आहेत: आधी कामगार, मग जोडीदार, मुलं, आई-वडील, भावंडं, आणि ज्यांना रांगच नाही ते. त्यामुळे २०१३ चं विधेयक पाच ठिकाणी भेटेल आणि प्रत्येक ठिकाणी वेगळं दिसेल. त्याला संपादनाची चूक समजू नये. ‘एलियन’ या कायदेशीर शब्दाला ‘परका’ म्हटलं आहे. ‘अवैध’ आणि ‘कागदपत्रांविना’ यांतला कुठला शब्द कुणी वापरला ते जसंच्या तसं ठेवलं आहे, कारण बहुतेकदा शब्दावरूनच पक्ष कळतो. मतांचे आकडे शेवटच्या तक्त्यात एकत्र दिले आहेत. ज्यांना स्वतःची डेट तोंडपाठ आहे, त्यांनी पहिलं प्रकरण सोडून सरळ मुलांच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. बहुतेक जण तसंही तेच करतील.